करमुक्त रोखे कसे काढायचे ते नगरपालिकेच्या लेखापालाला मराठीत सांगा: सेबी आणि नगरविकास खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सेबी, मुंबई
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय
मा. संचालक, नगरपरिषद प्रशासन संचालनालय

स.न.वि.वि.

मी एका ब वर्ग नगरपरिषदेच्या लेखा शाखेत सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा लेखापाल म्हणून. आता रिटायर होऊन घरी आहे, पण एक ठराव अजून डोक्यातून जात नाही आणि त्याच्यामुळेच हे पत्र लिहितोय. थोडं लांब होईल, पण कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

पुणे महापालिकेचे रोखे, म्हणजे व्याजाने पैसे उचलायचे बॉण्ड, निघाले जून २०१७ ला, २०० कोटींचे, ७.५९ टक्के व्याजाने, चोवीस तास पाणी योजनेसाठी. त्याच्या पुढच्या वर्षी आमच्याकडे पाणी योजनेचा विषय आला, शासनाचा हिस्सा मंजूर होता पण नगरपरिषदेचा स्वहिस्सा कुठून आणायचा हा प्रश्न होता, आणि कोणीतरी म्हणालं की पुण्याने काढले तसे आपणही शेजारच्या दोन गावांना बरोबर घेऊन रोखे काढू. एक सल्लागार आला, लॅपटॉपवर चाळीस स्लाइड दाखवल्या, सगळ्या इंग्रजीत. सभेत ठराव झाला, सूचक अनुमोदक सगळं व्यवस्थित, "करमुक्त रोखे काढण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे." ठरावाचा मसुदा मीच टाइप केला होता. करमुक्त हा शब्द स्लाइडमध्ये होता म्हणून ठरावात आला.

सहा महिन्यांनी रेटिंग कंपनीतल्या, म्हणजे कर्ज काढणाऱ्याची पत तपासणाऱ्या कंपनीतल्या, एका मुलाने फोनवर सहज विचारलं की काका, करमुक्त म्हणताय तर केंद्राचं नोटिफिकेशन आहे का. मला माहीतच नव्हतं. सीओ (मुख्याधिकारी) साहेबांना माहीत नव्हतं, सल्लागाराने "बघून सांगतो" म्हटलं. मग मी एका ओळखीच्या सीएकडून समजून घेतलं की आयकर कायदा १९६१ च्या कलम १० च्या पोटकलम १५ मध्ये स्थानिक संस्थेच्या रोख्यांवरचं व्याज करमुक्त करायची सोय आहे खरी, पण केंद्र सरकारने राजपत्रात ते रोखे अधिसूचित केले तरच. नगरपालिकेने काढले म्हणजे आपोआप करमुक्त असं अजिबात नाही. ज्या पुण्याचं उदाहरण देऊन आम्ही ठराव केला त्या पुण्याचे रोखेसुद्धा करपात्रच होते! पुढे ते सगळंच बारगळलं आणि स्वहिस्सा आम्ही दुसऱ्या खात्यातून कसाबसा काढला, तो विषय वेगळा.

आता यात सल्लागाराला शिव्या घालून उपयोग नाही. माझ्या टेबलावर तेव्हा मराठीत लिहिलेली एक तीस पानी पुस्तिका असती, की रोखे काढायचे तर पहिलं काय, दुसरं काय, करमुक्त कधी म्हणायचं, कुणाला पत्र लिहायचं, तर तो शब्द ठरावात गेलाच नसता आणि सहा महिने वाया गेले नसते. मी आज ज्या गोष्टीसाठी लिहितोय ती एवढीच आहे.

सेबीने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. २०१५ च्या जुलैमध्ये महापालिका-नगरपालिकांच्या रोख्यांसाठी स्वतंत्र नियमावली आणलीत, त्यात रोख्यांच्या पैशाला वेगळं खातं, परतफेडीसाठी एस्क्रो, म्हणजे हप्त्यांसाठीच राखून ठेवलेलं खातं, आधीच्या ३६५ दिवसांत कुठलंही कर्ज थकवलेलं नसणं, राष्ट्रीय लेखा नियमपुस्तिकेप्रमाणे किंवा राज्याच्या तशाच पुस्तिकेप्रमाणे हिशेब, या सगळ्या अटी आहेत आणि त्या चांगल्या आहेत, गावाच्या भल्याच्या आहेत. २०२३ च्या जानेवारीत दिल्लीत कार्यशाळा घेऊन तुमच्या वेबसाइटवर महापालिका रोख्यांचा माहितीकोश टाकलात, त्यात नियम, परिपत्रकं, प्रश्नोत्तरं, आकडेवारी सगळं एका जागी आहे. मी तो रिटायर झाल्यावर घरी बसून वाचला. मला समजलं, पण मला चार दिवस लागले आणि मुलीला तीनदा फोन करावा लागला. नोकरीत असताना घरपट्टीची मार्चअखेर वसुली, ऑडिट पॅऱ्यांची (आक्षेपांची) उत्तरं, सफाई कामगारांचे पगार हे सगळं असताना लेखा शाखेतल्या दोन माणसांनी हे इंग्रजी कधी वाचायचं? तो कोश मर्चंट बँकरसाठी आहे, वकिलासाठी आहे. ज्याने शेवटी सही करायची त्याच्यासाठी नाहीये.

आणि इथे राज्याचा प्रश्न येतो. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाप्रमाणे आपली राजभाषा मराठी आहे, आमचा अर्थसंकल्प मराठीत, ठराव मराठीत, कॅशबुकसुद्धा मराठीत. फक्त कर्जाचे कागद इंग्रजीत. म्हणजे ज्या कागदाने गावाची पुढच्या दहा-पंधरा वर्षांची घरपट्टी-पाणीपट्टी बांधली जाते तोच कागद सभागृहातल्या बहुतेकांना वाचता येत नाही. त्यातून आता चार-चार वर्षं प्रशासक राहिल्यावर डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकांतून नवीन नगरसेवक आलेत, पुष्कळ जण पहिल्यांदाच. त्यांच्यापुढे रोख्यांचे प्रस्ताव येणारच आहेत, त्यांना हात वर करण्याआधी काय वाचायला देणार आहात?

करमुक्ती म्हणजे नेमकं काय हे मी आमच्या नगरसेवकांना नंतर कसं समजावलं ते सांगतो, कारण पुस्तिकेत हे असंच यायला पाहिजे असं मला वाटतं. समजा एखादा माणूस ३० टक्के कर भरतो. त्याला करपात्र रोख्यावर १० टक्के व्याज मिळालं तर हातात ७ उरतात. म्हणून करमुक्त रोखा ७ टक्के देत असेल तरी त्याला तेवढंच पडतं. तो कमी व्याजावर खूश आणि तीन टक्के वाचले ते गावाचे, केंद्राने तेवढा कर सोडला म्हणून वाचले. प्रत्यक्षात फरक एवढा मोठा पडत नाही, पण एक टक्का जरी धरला तरी १०० कोटींवर वर्षाला १ कोटी होतो आणि दहा वर्षांत १० कोटी. आमच्या गावात एवढ्यात दोन टाक्या उभ्या राहिल्या असत्या.

हे देशात झालेलंही आहे. बंगळुरूने १९९७ ला राज्याच्या हमीवर १२५ कोटी उभे केले, अहमदाबादने जानेवारी १९९८ ला राज्याची हमी न घेता १०० कोटी काढले, जकात नाक्यांचं उत्पन्न तारण ठेवून, आणि आपल्या नाशिकने १९९९ ला १०० कोटी काढले. मग केंद्राने करमुक्तीची मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि २००२ ला अहमदाबादनेच पहिले करमुक्त रोखे काढले. म्हणजे हा रस्ता पंचवीस वर्षांपूर्वी तयार झालेला आहे, त्यावर आता कोणी जात नाही एवढंच. अलीकडे पुणे, हैदराबाद, लखनौ, गाझियाबाद, पिंपरी-चिंचवड यांनी काढले ते बहुतेक सगळे करपात्र, आणि केंद्र त्याऐवजी अमृत योजनेतून १०० कोटींमागे १३ कोटी प्रोत्साहन देतं, पुण्याला असे २६ कोटी मिळाले. प्रोत्साहन चांगलंच आहे. पण ते एकदाच मिळतं, व्याज दरवर्षी भरावं लागतं.

त्यात आता १९६१ चा आयकर कायदाच जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, म्हणजे कलमांचे नंबर बदलले, करमुक्त उत्पन्नाच्या याद्या अनुसूचींमध्ये गेल्या. आमच्यासारख्यांनी धडपडून जे एक कलम पाठ केलं होतं तेही गेलं. नगरपालिकेच्या रोख्यांची तरतूद नव्या कायद्यात कुठे बसते आणि अर्ज कुणाकडे करायचा याचं एक पानी परिपत्रक मराठीत काढायला नगरविकास खात्याला किती वेळ लागेल हो?

माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. गेल्या खेपेला तिच्याकडे होतो तेव्हा निवडणुकीची एक पुस्तिका पोस्टाने घरी आली, त्यात तिच्या भागातल्या शाळांच्या बॉण्डवर मतदान होतं. तिथे शाळांचे असे रोखे काढायला २००० सालच्या एका दुरुस्तीपासून ५५ टक्के मतं लागतात आणि मतदाराला लेखी सांगावं लागतं की घराच्या दर १ लाख डॉलर मूल्यांकनामागे तुमचा कर अंदाजे किती वाढेल. मी तर ते पान फोटो काढून आमच्या जुन्या ग्रुपवर टाकलं. मग मुलीने एम्मा नावाची साइट उघडून दिली, ती तिथल्या महापालिका रोख्यांच्या नियामक मंडळाची आहे, रोख्यांची माहिती जाहीर करायची २००९ पासून तीच अधिकृत जागा, बघायला फुकट. अमेरिकेत असे रोखे काढणाऱ्या पन्नास हजारांच्या आसपास सरकारी संस्था आहेत, त्यात कितीतरी आमच्या नगरपरिषदेपेक्षा छोट्या, एखादं पाणी मंडळ, एखादी शाळा. दहा मिनिटांत आम्हाला तिच्या शाळा-जिल्ह्याचे आधीचे सगळे रोखे, व्याजदर, वार्षिक हिशेब सापडले. हप्ता चुकला किंवा रेटिंग बदललं अशा ठरावीक घटना घडल्या तर संस्थेने दहा कामकाजाच्या दिवसांत तिथे कळवायचं, असं रोखे काढतानाच लिहून दिलेलं असतं.

पण मला त्याहून जास्त आवडलं ते त्यांच्या आयकर खात्याचं काम. तिथे करमुक्तीसाठी दरवेळी केंद्राकडे अधिसूचना मागायला जावं लागत नाही, कायद्यातच आहे की अटी पाळल्या तर व्याज करमुक्त. आपल्याकडे सगळा जोर आधीच्या परवानगीवर, तिथे सगळा जोर नंतर अटी पाळण्यावर, म्हणून त्या अटी समजावून सांगायची जबाबदारी आयकर खात्यानेच घेतलीय. रोखे काढणाऱ्या संस्थांसाठी साध्या भाषेतल्या पुस्तिका काढल्यात. रोखे काढले की ८०३८-जी नावाचा फॉर्म भरायचा, कधीपर्यंत भरायचा ते दिलेलं आहे. रोख्यांच्या पैशातून बांधलेल्या वास्तूचा खासगी धंद्यासाठी वापर साधारण १० टक्क्यांच्या आत ठेवायचा. स्वस्त करमुक्त पैसा उचलून जास्त व्याजाच्या गुंतवणुकीत ठेवून नफा कमवायचा नाही, कमवलात तर तो केंद्राला परत करायचा, आणि रोखे काढताना ८५ टक्के रक्कम तीन वर्षांत कामावर खर्च होईल अशी वाजवी खात्री पाहिजे. कागदपत्रं रोख्यांची मुदत संपल्यावरही आणखी तीन वर्षं जपायची. आणि चूक झालीच तर स्वतःहून या, मिटवायचा रस्ता आहे, त्याचाही फॉर्म आहे. हे शेवटचं वाचून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आमच्याकडे चूक कळली की ती फाइल कपाटात मागे जाते, कारण पुढे नेली तर ऑडिट पॅरा निघेल ही भीती.

तीन वर्षांत पैसा खर्च करायच्या त्या नियमाचं महत्त्व आपल्याला पुण्यानेच दाखवलंय. रोखे जूनमध्ये निघाले, व्याज सुरू झालं, आणि कामाचं टेंडर वादात सापडून रद्द करून पुन्हा काढावं लागलं. पैसा आला आणि काम तयार नाही. यात मी कुणाला दोष द्यायला बसलेलो नाही, सेबीच्या नव्या नियमावलीखाली ते पहिलेच होते, अमेरिकेच्या ट्रेझरीच्या तांत्रिक मदत विभागाने त्यांना सल्ला दिला होता, त्यांनी वाट काढली म्हणून बाकीचे आले. पण पुस्तिकेत मोठ्या अक्षरात यायला पाहिजे की वर्क ऑर्डरची तयारी झाल्याशिवाय रोखे काढू नका. पुण्याची दहा वर्षांची मुदत २०२७ ला पूर्ण होतेय, पहिल्या दिवसापासून परतफेडीपर्यंत काय काय केलं, कुठे अडलं, हे सगळं त्यांच्या लेखा विभागाकडून मराठीत लिहून घ्या. ती माणसं आता निवृत्तीला आली असतील, नंतर कोणाला विचारणार?

अमेरिकेत सगळं छानच आहे असंही नाही. कॅलिफोर्नियातलीच ऑरेंज काउंटी १९९४ च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली, गुंतवणुकीत १.६ अब्ज डॉलरच्या आसपास बुडाले. आणि कॅलिफोर्नियात १९८१ पासून सरकारी कर्जांसाठी स्वतंत्र सल्लागार आयोग आहे, रोखे विकायच्या निदान तीस दिवस आधी त्याला कळवावं लागतं, तो हँडबुक काढतो, छोट्या संस्थांच्या लोकांना ट्रेनिंग देतो, तरीही तिथे २०११ मध्ये पोवे नावाच्या शाळा-जिल्ह्याने १० कोटी ५० लाख डॉलर असे उचलले की पहिली वीस वर्षं काहीच भरायचं नाही आणि शेवटी परतफेड जवळपास १ अब्ज डॉलर. म्हणजे नुसती पुस्तिका छापून सगळं भागत नाही हे मला कळतं. पण कागद सगळ्यांना दिसत होते म्हणून तो हिशेब लोकांना कळला, बोभाटा झाला आणि २०१३ ला राज्याने कायदा करून असल्या रोख्यांना आवर घातला. आपल्याकडे एखाद्या नगरपालिकेने असं केलं तर गावाला केव्हा कळेल, याचा विचार करा.

मला काय पाहिजे ते आता सरळ सांगतो. मराठी मार्गदर्शिका, नगरविकास खात्याने सेबीबरोबर बसून केलेली, आणि ती लिहिताना दोन-तीन प्रत्यक्ष लेखापाल टेबलावर पाहिजेत, नुसते सल्लागार नकोत. त्यात ठरावाचा नमुना पाहिजे, कारण चूक ठरावातच सुरू होते. रेटिंग कंपनी काय काय मागते त्याची यादी पाहिजे, आम्हाला तीन वर्षांची ऑडिट झालेली बॅलन्सशीट मागितली आणि आमची दुहेरी नोंद पद्धत कागदावर सुरू होऊनही हिशेब दोन वर्षं मागे होता, मागणी-वसुली-थकबाकीचं रजिस्टर वॉर्डनिहाय जुळत नव्हतं, मी आणि एक क्लार्क रात्री अकरापर्यंत बसायचो. हे आधी माहीत असतं तर तीन वर्षं आधीपासून तयारी केली असती. एस्क्रोमध्ये कुठलं उत्पन्न टाकता येतं हेही स्पष्ट पाहिजे, अहमदाबादकडे तेव्हा जकात होती, आपल्याकडे जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, महापालिकांना २०१७ पासून जीएसटीची नुकसानभरपाई मिळते पण नगरपरिषदेकडे घरपट्टी आणि पाणीपट्टीच, आणि पाणीपट्टी तर बहुतेक ठिकाणी योजना चालवायलाच पुरत नाही. आधी पाणीपट्टी खर्चाला पुरवा आणि मग रोख्यांचं बोला हेही त्या पुस्तिकेत स्पष्ट लिहा, वाईट वाटलं तरी लिहा.

दुसरं, विचारायला माणूस पाहिजे. संचालनालयात एक टेबल, एक फोन नंबर, तिथे बसलेल्याने सेबीकडून उत्तर आणून आम्हाला मराठीत लेखी द्यायचं. पुण्याच्या यशदा प्रशिक्षण संस्थेत ट्रेनिंग होतात, तिथे दोन दिवस याच विषयाचे ठेवा आणि सीओंच्या बरोबर लेखापालांनाही बोलवा.

आणि छोट्या गावांना एकत्र आणणारी व्यवस्था करा. एकट्या ब किंवा क वर्ग नगरपरिषदेने शेअर बाजारात जाणं परवडत नाही, १० कोटींसाठी रेटिंग, ट्रस्टी, वकील यांचा खर्च कोण करणार. तमिळनाडूने २००२-०३ मध्ये डझनभर छोट्या गावांच्या पाणी आणि मलनिस्सारण योजनांसाठी मिळून सुमारे ३० कोटींचे रोखे काढले, कर्नाटकने २००५ मध्ये बंगळुरूच्या आसपासच्या आठ गावांसाठी १०० कोटी. करमुक्तीच्या त्या जुन्या तरतुदीत राज्याच्या अशा एकत्रित संस्थेचं नावच घातलेलं होतं, म्हणजे कायदा करणाऱ्यांना छोटी गावं आठवली होती. महाराष्ट्रात साडेतीनशेहून जास्त नगरपरिषदा आणि नगरपंचायती आहेत. त्यांच्यासाठी ही संस्था उभी करून करमुक्तीची अधिसूचना राज्याने एकदाच सगळ्यांच्या वतीने मागितली तर प्रत्येक सीओला दिल्लीला पत्र लिहायची वेळ येणार नाही.

इंदूरने २०२३ च्या फेब्रुवारीत २४४ कोटींचे रोखे सामान्य माणसालाही घेता येतील असे काढले, नर्मदेचं पाणी उपसायला लागणाऱ्या विजेसाठी जलूदला सोलर प्लांट बांधायला. मला वाटतं आमच्या गावातल्या पेन्शनरनेही आपल्या टाकीचा रोखा घ्यावा, का नाही घ्यायचा? पण त्यासाठी दरवर्षी जूनमध्ये नगरपरिषदेच्या नोटीस बोर्डावर आणि वेबसाइटवर एक मराठी पान लागायला पाहिजे, किती उचलले, किती खर्च झाले, किती व्याज भरलं, एस्क्रोत किती शिल्लक, पुढचा हप्ता कधी. एवढंच, एका पानात.

माझ्याकडे त्या काळातली एक दोनशे पानी वही आहे. रेटिंग कंपनीने विचारलेला प्रत्येक प्रश्न, त्याला आम्ही काय उत्तर दिलं आणि खरं उत्तर काय असायला हवं होतं, हे सगळं तारखेनिशी लिहिलंय, गावाचं नाव काढून मी त्याची झेरॉक्स करून ठेवलीय. मार्गदर्शिकेच्या कामाला ज्या कोणाची नेमणूक कराल त्यांनी निरोप द्यावा, मी वही घेऊन स्वतः मंत्रालयात येतो, भाडंभत्ता काही नको.

कळावे,
आपला,
एक निवृत्त लेखापाल, नगरपरिषद सेवा